नवी गाडी, कच्चे ब्रेक

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या स्वतःच्या फजितीपासून करतो. ती फजिती झाली नसती तर हा इतिहास मी कधी वाचलाच नसता.

२०१२ चा मे महिना. आम्ही इंदूरचे. नाशिकला मामेबहिणीचं लग्न होतं आणि घरी नवी गाडी येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. मीटरवर १८० किलोमीटर. बोनेटवरचा कुंकवाचा स्वस्तिकही पुसला गेला नव्हता. पहाटे पाचला निघालो. मागे आई, बायको आणि सहा वर्षांची मुलगी, शेजारी बाबा, डिकीत आहेराच्या बॅगा. महू गेलं, मानपूर गेलं आणि भेरूघाट सुरू झाला. आग्रा-मुंबई रस्ता इथे माळव्याचं पठार सोडून नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागतो.

मी चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून मजेत उतरत होतो. नवी गाडी, नवे ब्रेक, काळजी कसली? दोन-तीन वळणं गेल्यावर जळकट वास आला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. तो ट्रक अगदी रांगत होता, म्हणून मी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं नाही. ते दगडासारखं घट्ट होतं. मी सगळा जोर लावला, तरी गाडीचा वेग हवा तसा कमी होईना. ट्रकची मागची फळी जवळ येत होती.

"दुसरा टाक," बाबा म्हणाले. ओरडले नाहीत. मी आधी तिसरा आणि मग दुसरा गिअर टाकला. इंजिन किंचाळलं आणि गाडी मागून कुणी धरल्यासारखी आवळली गेली. उरलेला घाट तसाच उतरलो. खाली एका चहाच्या टपरीपाशी थांबलो, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांतून हलका धूर येत होता. मी बाटलीतलं पाणी ओतायला निघालो, तर बाबांनी हात धरला. "तापलेल्या बिडावर पाणी नको. निवू दे."

चहा झाला, दुसरा चहा झाला. मग ते म्हणाले, "गाडी नवी आहे म्हणून ब्रेक चांगले असतील, असं तुला वाटलं. अरे, नवी आहे म्हणूनच ते कच्चे आहेत."

मला ते पटलं नाही. ज्यांनी गाडी विकली, त्यांनी सीट कव्हरपासून विम्यापर्यंत सगळं सांगितलं होतं, ब्रेकबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पण नंतर वाचत गेलो तसं कळलं, की बाबांच्या त्या एका वाक्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आज तोच सांगणार आहे.

मोटारीचा इतिहास आपल्याला नेहमी वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोण पहिला, कोण जास्त वेगवान, कुणाचं इंजिन किती ताकदीचं. पण पहिल्या लांबच्या मोटारप्रवासाची गोष्ट नीट ऐकली, तर तिच्यात ब्रेकही आहेत.

ऑगस्ट १८८८. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी तीनचाकी मोटार बनवली होती, पण लोकांचा तिच्यावर भरवसा बसत नव्हता. एके दिवशी त्यांच्या पत्नी बर्था बेंझ यांनी नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना बसवलं आणि मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेत व्हीसलॉख गावी औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. उतारावर मात्र वेगळीच अडचण आली. ब्रेक म्हणजे लाकडाचे ठोकळे होते आणि ते घासून झिजत चालले होते. तेव्हा बर्थाबाईंनी एका चांभाराकडे गाडी थांबवली आणि त्या ठोकळ्यांवर कातडं ठोकून घेतलं. मोटारीच्या इतिहासातलं हे पहिलं ब्रेक लायनिंग. कारखान्यात सुचलं नाही ते रस्त्यावर सुचलं, आणि ज्यानं गाडी बनवली त्याला नाही, जिनं चालवली तिला सुचलं.

यानंतर नऊ वर्षांनी, १८९७ मध्ये, इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं घोडागाड्यांचे ब्रेक पाहिले. तिथले गाडीवान उतारावर पकड यावी म्हणून ब्रेकच्या ठोकळ्याला जुना बूट बांधायचे. फ्रूड यांनी विचार केला, की हेच काम करणारा, पण बुटापेक्षा टिकाऊ पदार्थ तयार करता येईल. त्यातून ब्रेक लायनिंगचा उद्योग उभा राहिला. आपल्या आडनावाच्या अक्षरांची उलटापालट करून आणि एक अक्षर वाढवून त्यांनी मालाला नाव दिलं, फेरोडो. गाड्या दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा, हे नाव त्याच्या ओळखीचं असेल.

सुरुवातीची लायनिंग सुती कापड आणि राळ यांची होती. ती तापली की जळायची. म्हणून १९०८ च्या सुमारास ॲस्बेस्टॉस आलं. ते आगीला दाद देत नव्हतं आणि पुढची कित्येक दशकं तेच चाललं. त्याची किंमत नंतर कळली. त्याचे बारीक तंतू फुप्फुसात जातात, आणि कॅन्सरसकट असाध्य आजार करतात. ब्रिटननं १९९९ मध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली. आजच्या बहुतेक मोटारींच्या पॅडमध्ये ते नसतं. पण जुन्या गाड्यांचे ड्रम उघडून त्यातली धूळ हवेच्या पाइपनं किंवा तोंडानं फुंकून काढणारे मेकॅनिक मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल, तर त्याला सांगा, की ती धूळ फुंकू नकोस, ओल्या फडक्यानं पूस आणि तोंडाला मास्क लाव.

आता आणखी दोन नावं. १९०२ हे ब्रेकच्या इतिहासातलं मोठं वर्ष. फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेकला आजच्यासारखं रूप दिलं. फिरत्या पिंपासारखा ड्रम, आणि आतून त्याला दाबणारे दोन अर्धगोल शू. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. फिरती तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड. कल्पना उत्तम, पण त्यांचे पॅड तांब्याचे होते. धातूवर धातू घासला की कानठळ्या बसवणारा आवाज यायचा. कल्पना पुढे होती, घर्षणाचा पदार्थ मागे होता. डिस्कला मान मिळायला पन्नास वर्षं लागली. १९५३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जग्वार जिंकली, आणि त्या शर्यतीत पहिल्यांदाच ताशी शंभर मैलांपेक्षा जास्त सरासरी वेग नोंदला गेला. म्हणजे गाडी जास्त वेगात जाऊ शकली, कारण ती जास्त उशिरा ब्रेक मारू शकत होती. वेगाची परवानगी ब्रेक देतो.

या सगळ्या काळात दुसरीकडे इंजिनची एक वेगळी शिस्त तयार झाली होती, रनिंग-इन. आपण त्याला गाडी रुळवणं म्हणू.

जुन्या इंजिनांचे सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा कारखान्यातून खडबडीतच बाहेर यायच्या. डोळ्यांना दिसणार नाहीत असे उंचवटे दोन्हीकडे असायचे. ते एकमेकांवर घासून जुळेपर्यंत गाडी हळू चालवावी लागे. जोरात पळवली, तर उंचवटे झिजण्याऐवजी तापून चिकटायचे, ओरखडे पडायचे आणि इंजिन जन्मभर तेल प्यायचं. म्हणून पहिल्या तेलात धातूचा चुरा उतरायचा आणि ते लवकर बदलावं लागे. ब्रिटनमध्ये तर नव्या गाडीच्या मागच्या काचेवर कार्ड लावायची पद्धतच होती. गाडी रुळते आहे, कृपया पुढे जा, अशा अर्थाचं. विचार करा, नव्याकोऱ्या गाडीचा मालक आपण हळू चालतोय म्हणून मागच्यांची माफी मागतो आहे, आणि त्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही.

आपल्याकडे ही शिस्त ॲम्बेसेडर आणि फियाटनं शिकवली. ॲम्बेसेडर १९५७-५८ च्या सुमारास आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. गाडी नोंदवल्यावर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. इतकी वाट पाहून मिळालेली गाडी पहिल्या दिवशी पळवायची हिंमत कुणाची होणार? बाबांची पद्मिनी १९८१ मध्ये आली. तिची एक वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. त्या लग्नाहून परतल्यावर मी ती पहिल्यांदा नीट वाचली. पहिल्या पानावर त्यांचं अक्षर: "८०० किमी. ऑइल बदलले. ऑइलमध्ये चमक दिसली." त्याखाली: "ब्रेक ॲडजस्ट केले. अजून पूर्ण बसलेले नाहीत. घाट नको." घाट नको, या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःला जे बजावलं होतं, ते मी त्यांना विचारलंच नव्हतं.

आज इंजिनं पुष्कळ सुधारली आहेत. सिलिंडरची आतली भिंत कारखान्यातच इतकी अचूक घासली जाते, की रुळवण्याचं बरंचसं काम आधीच झालेलं असतं. तरीही पहिले हजारभर किलोमीटर बहुतेक कंपन्या संयम पाळायला सांगतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका, तासन्‌तास एकाच वेगानं चालवू नका, वरच्या गिअरमध्ये इंजिनला धापा टाकायला लावू नका. आपल्या गाडीची पुस्तिका वाचा, शेवटचा शब्द तिचा.

ब्रेकचं मात्र तसं झालेलं नाही. इंजिन कारखान्यात रुळवून देता येतं. ब्रेक रस्त्यावरच रुळतात, आणि ते काम आजही चालवणाऱ्याकडेच आहे. का, ते सांगतो.

नवा पॅड आणि नवी डिस्क दिसायला सपाट असतात, पण सुरुवातीला त्यांचा पूर्ण स्पर्श होत नाही, फक्त उंचवटे टेकतात. शिवाय चांगली पकड यायची, तर पॅडच्या पदार्थाचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसावा लागतो. नवा लोखंडी तवा आठवा. पहिल्या दिवशी त्यावर घावन घालून पाहा, चिकटेल. तेल लावून, मंद आचेवर तापवून, निववून, पुन्हा तापवून तो तयार करावा लागतो. ब्रेकचंही तसंच.

आणखी एक गोष्ट. पॅडमधले घटक राळेनं बांधलेले असतात. पॅड पहिल्यांदा खूप तापला, की त्या राळेतून वायू सुटतो. तो पॅड आणि डिस्क यांच्या मध्ये अडकतो आणि पकड जाते. भेरूघाटात माझ्या बाबतीत तेच झालं. पेडल घट्ट होतं, कारण दाब व्यवस्थित पोचत होता. पण जिथे घासायचं तिथे घर्षणच उरलं नव्हतं. पेडल मऊ पडून खाली गेलं असतं, तर दुखणं वेगळं, ब्रेक ऑइल उकळल्याचं. त्याकडे येतोच.

आधी उष्णतेचा हिशेब पाहू. ब्रेक गाडीचा वेग गिळून टाकत नाही, त्याची उष्णता करतो. माणसांसकट १३०० किलोची गाडी २०० मीटर खोल उतरली, तर सुमारे २५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत खोलीच्या तापमानाचं साडेसात लिटर पाणी उकळीला येतं. आणि ती घेणाऱ्या बिडाच्या तबकड्या असतात काही किलोंच्या. तुम्ही सगळा भार ब्रेकवर टाकलात, तर त्या तापणारच. खालच्या गिअरमध्ये उतरलात, तर मोठा वाटा इंजिन उचलतं. म्हणून जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

हे शहाणपण मोटारीच्याही आधीचं आहे, रेल्वेचं. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा चढ होता १ ला ३७, म्हणजे ३७ फूट पुढे जाताना एक फूट वर. उतरणारी गाडी सुटलीच तर तिला अडवायला डोंगराच्या बाजूला चढत जाणारे वेगळे रूळ टाकले होते, कॅच सायडिंग. त्यातली युक्ती अशी, की वाट मुळात त्या सायडिंगकडेच लावलेली असे. ड्रायव्हरनं गाडी थांबवून ती ताब्यात आहे हे दाखवलं, की मग पुढचा मार्ग मिळायचा. आमच्या महूजवळच्या पाताळपाणी-काळाकुंड घाटातही चढ १ ला ४० आहे. होळकर संस्थानच्या १ कोटी रुपयांच्या कर्जातून १८७० च्या दशकात तो मार्ग झाला. रेल्वेनं सुरुवातीलाच ओळखलं होतं, की उतारावर भरवसा गृहीत धरायचा नसतो, तो आधी सिद्ध करायचा असतो.

रस्त्यावर असा सांधेवाला नसतो. म्हणूनच भेरूघाटाच्या पुढे धामनोदकडे उतरणाऱ्या गणेश घाटात ट्रकचे ब्रेक निकामी होऊन किती अपघात झाले, ते आमच्या भागात कुणालाही विचारा. यातलं एक कारण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं. काही जण तर इंजिनही बंद करतात. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा इंजिनवर चालणारा काँप्रेसर भरतो. इंजिन बंद, म्हणजे हवेची भर बंद. आपल्या मोटारीतही इंजिन बंद केलं, तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि किल्ली काढली तर स्टिअरिंगही अडकू शकतं. थेंबभर इंधनासाठी हा सौदा कुणीही करू नये.

आता ब्रेक ऑइल. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना द्रवाच्या दाबानं चालणारे ब्रेक आले. त्याआधी सळ्या आणि तारा असत, आणि कित्येक गाड्यांना फक्त मागच्या चाकांना ब्रेक. हेन्री फोर्ड यांनी तर हे द्रवाचे ब्रेक १९३९ पर्यंत स्वीकारले नव्हते. द्रव दाबला जात नाही, हा त्याचा गुण. पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतलं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, हा त्याचा दोष. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पाय थेट तळाला जातो. कोकणात किंवा गोव्यात चार महिने पाऊस झेलणाऱ्या गाडीनं हे विसरू नये. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, किंवा पुस्तिकेत जी मुदत दिली असेल त्या मुदतीला.

मग नव्या गाडीचं नेमकं काय करायचं? पहिले तीनशेएक किलोमीटर अंतर ठेवून चालवा, म्हणजे जोराचा ब्रेक मारायची वेळ कमी येईल. अर्थात माणूस आडवा आला, तर सगळा जोर लावायचा, तिथे कसली रुळवणी नाही. मोकळा रस्ता मिळाला आणि मागे कुणी नसलं, तर ५०-६० च्या वेगावरून मध्यम दाबानं १५-२० वर या. पूर्ण थांबू नका. मग अर्धा-एक किलोमीटर चालवून ब्रेक निवू द्या आणि पुन्हा. असं आठ-दहा वेळा. शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता फिरवून आणा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहू नका, त्या जागी डिस्कवर डाग बसतो आणि पुढे पेडल थरथरतं. पॅड बदलल्यावर हेच पुन्हा करायचं. पाण्यातून गाडी गेली, तर पुढे हळू चालवत ब्रेक हलके दाबून कोरडे करा. आणि पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. ओढून ठेवलेला हँडब्रेक गंजून चिकटू शकतो.

बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. त्या दिवशी मागे झोपलेल्या मुलीला घाटातलं काहीच आठवत नाही. ती आता एकोणीस वर्षांची आहे, आणि गेल्या महिन्यात घरी विजेवर चालणारी गाडी आली. या गाडीत रुळवायला इंजिनच नाही. पाय उचलला, की मोटरच वेग कमी करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते. मला वाटलं, चला, हा विषय संपला.

मग लक्षात आलं, की संपला नाही, उलट लपला. अशा गाडीत पॅड इतके कमी वापरले जातात, की महिनोन्‌महिने कच्चेच राहू शकतात आणि डिस्कवर गंज चढतो. आणि डोंगरावरच्या गावी रात्री बॅटरी पूर्ण भरून सकाळी घाट उतरायला लागलात, तर ऊर्जा साठवायला जागाच नसते. तेव्हा मोटर हात आखडता घेते आणि सगळा भार येतो त्याच दोन तबकड्यांवर, ज्यांना अजून कामाची सवयच नाही.

म्हणून गेल्या रविवारी पहाटे आम्ही दोघं बायपासच्या मोकळ्या पट्ट्यावर गेलो. ती चालवत होती, मी शेजारी. ५० वरून २०, थोडं चालवायचं, पुन्हा ५० वरून २०. सातव्या-आठव्या वेळेला ती म्हणाली, "बाबा, आता पकड वेगळी लागतेय." मलाही ते शेजारी बसून जाणवलं.

घरी आल्यावर तिनं लाल वहीचं नवं पान उघडलं आणि तारीख, किलोमीटर लिहून खाली एक ओळ घातली: "ब्रेक बसवले. आता घाट चालेल."

तुमच्या घरी नवी गाडी आली असेल, तर पेढ्यांच्या बॉक्सबरोबर एक वहीही आणा.